जुन्या मोटारीच्या विजेचा जमाखर्च

बेळगाव, इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर, हैदराबाद येथील आपल्या व्यापारी घराण्यांपैकी काहींच्या वाड्यांत आजोबा-पणजोबांनी घेतलेली मोटारगाडी अद्याप जतन करून ठेवलेली आढळते. तिचा रंग चकचकीत असतो, पितळी भोंगा दसऱ्याला घासला जातो, हुडाचे कापड नवे असते. परंतु बॉनेट उघडून इंजिनाच्या कडेला पट्ट्यावर फिरणाऱ्या त्या काळ्या नळकांड्याकडे, म्हणजे जनरेटरकडे, सहसा कोणी पाहत नाही. गाडी ऐन समारंभात अडली म्हणजे त्याची आठवण होते. मग कोणी बॅटरी बदलतो, कोणी वायरी बदलतो, आणि एखादा हौशी मिस्त्री मूळचा जनरेटर काढून त्याच्या जागी आजचा अल्टरनेटर बसवून मोकळा होतो. ज्या वस्तूसाठी घरातल्या तीन पिढ्यांनी गाडी जपली त्या वस्तूचा एक भाग अशा रीतीने भंगारात जातो, आणि तेही बहुधा पाच मिनिटांच्या कामासाठी. ते पाच मिनिटांचे काम कोणते, ते का करावे लागते, आणि करताना कशास जपावे, हे या लेखात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

या विषयास आज पूर्वीपेक्षा अधिक महत्त्व आलेले आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांची ‘व्हिंटेज’ म्हणून निराळी नोंदणी सुरू केली. नव्या नोंदणीस २०,००० रुपये, पुढील नोंदणीस ५,००० रुपये, मुदत दहा वर्षांची, आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. अशी गाडी प्रदर्शन, मेळावा, तांत्रिक संशोधन, दुरुस्ती, इंधन भरणे एवढ्याच कारणांसाठी रस्त्यावर आणावयाची. रोजच्या किंवा व्यापारी वापरास ती चालत नाही. म्हणजे ही गाडी आता वर्षातून थोडेच दिवस, बहुतेक दिवसाउजेडी, आणि एकदा निघाली की पुष्कळ अंतर चालते. जनरेटरच्या दृष्टीने हा सर्वांत वाईट वापर होय. जानेवारी २०२३ मध्ये बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या प्रांगणात भरलेल्या जुन्या मोटारींच्या प्रदर्शनासारखे समारंभ होऊ लागल्यापासून परीक्षकांची दृष्टीही बॉनेटखाली जाऊ लागली आहे, हे आणखी एक कारण.

सर्व जुन्या गाड्यांविषयी एकाच लेखात लिहिणे अशक्य. म्हणून आम्ही फोर्डची ‘मॉडेल ए’ ही गाडी उदाहरणादाखल घेतो. डिसेंबर १९२७ मध्ये ती प्रथम लोकांपुढे आली आणि चारपाच वर्षांत अठ्ठेचाळीस लाखांहून अधिक तयार झाल्या. तिचे तत्त्व कळले की त्याच काळच्या बहुतेक अमेरिकन गाड्यांचे कळले. तपशील तेवढे निराळे.

या गाडीची वीज सहा व्होल्टची. बॅटरी तीन खणांची, सुमारे ऐंशी अँपिअर-तासांची, पुढच्या पायाखालच्या फळ्यांखाली बसविलेली. विशेष असा की बॅटरीचे धन टोक गाडीच्या सांगाड्यास जोडलेले असते; आजच्या गाड्यांत ऋण टोक जोडतात. ही एक गोष्ट न कळल्यामुळे किती वस्तू जळाल्या असतील त्याची गणती नाही. जनरेटरही दोन घाटांचे आढळतात: आरंभीच्या गाड्यांतील आखूड व जाड, ज्यास जाणकार ‘पॉवरहाऊस’ म्हणतात, आणि नंतरचा लांबट नळकांड्यासारखा. दोहोंत एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे तिसरा ब्रश. आपल्याकडील गॅरेजात ब्रशास ‘कार्बन’ म्हणतात, म्हणून तिसरा कार्बन म्हटले तरी चालेल.

आर्मेचर फिरू लागले की कॉम्युटेटरच्या तांब्याच्या पट्ट्यांवर टेकलेले मुख्य ब्रश वीज बाहेर देतात. परंतु वीज निर्माण होण्यास चुंबकत्व लागते, आणि ते निर्माण करणाऱ्या वेटोळ्यास, म्हणजे फील्डला, प्रथम थोडी वीज द्यावी लागते. साध्या डायनॅमोत ती मुख्य ब्रशांवरूनच घेतली तर इंजिनाच्या वेगाबरोबर वीज अमर्याद वाढत जाईल. तसे होऊ नये म्हणून फील्डला मुख्य ब्रशावरून वीज न देता, मध्येच टेकलेल्या तिसऱ्या ब्रशावरून दिली जाते. आर्मेचरमधून जाणारी वीज वाढली की तिच्याच जोराने चुंबकीय क्षेत्र फिरण्याच्या दिशेने ओढले जाते, आणि त्या ओढीमुळे तिसऱ्या ब्रशाच्या वाट्याला येणारा दाब उतरतो. दाब उतरला की फील्ड दुबळे होते, आणि वीज आपोआप आवरली जाते. गाडी तासाला सुमारे पंचवीस मैल, म्हणजे चाळीस किलोमीटर वेगाने चालली असता चार्ज सर्वांत अधिक असतो. त्याहून वेग वाढविला तर तो कमीच होत जातो. कोणतेही रिले नाही, स्प्रिंगा नाहीत, इलेक्ट्रॉनिक तर काहीच नाही. ज्याने ही युक्ती प्रथम योजली त्याच्या कल्पकतेचे आम्हांस नेहमीच कौतुक वाटत आले आहे.

परंतु या युक्तीत एक उणीव आहे, आणि आजच्या सर्व तक्रारी तिच्यातून निघतात. हा जनरेटर वेग पाहतो, बॅटरी पाहत नाही. पेढीवर एखादा मुनीम असा असावा की ज्याला रोज ठराविक रक्कम तिजोरीत टाकण्याचे तेवढे ठाऊक आहे. तिजोरी रिकामी की भरून वाहते आहे याची त्यास विचारपूस नाही. इतकेच नव्हे, तर बॅटरी भरत आली की तिचा दाब वाढतो, त्याबरोबर फील्डचा दाब वाढतो, आणि चार्ज किंचित वाढतोच. भरलेल्यास अधिक, असा हा उफराटा न्याय आहे. म्हणून ती ठराविक रक्कम किती असावी हे मालकाने ठरवून द्यावयाचे, आणि ते ठरविण्याचे साधन म्हणजे सरकविता येणारा तिसरा ब्रश.

आता हिशेब पाहू. स्टार्टरला सुमारे दोनशे अँपिअर लागतात असे धरले आणि इंजिन पाच सेकंदांत सुरू झाले, तर खर्च झाला एक हजार अँपिअर-सेकंद, म्हणजे एक अँपिअर-तासाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. दहा अँपिअरच्या चार्जने ही रक्कम दोन मिनिटांत फिटते. इग्निशनला दोन ते चार अँपिअर लागतात. मूळच्या एकवीस कँडलपॉवरच्या दोन पुढील दिव्यांना सुमारे साडेपाच, मागच्या दिव्यास अर्ध्याहून थोडे अधिक. तेव्हा दिवे लावले नाहीत तर गाडीचा खर्च अगदीच अल्प आहे. डॅशबोर्डवरील अँमीटर वीस-शून्य-वीस असा असतो, आणि तो एकूण उत्पन्न दाखवीत नाही. इग्निशन व दिव्यांचा खर्च वजा जाऊन बॅटरीत जी निव्वळ रक्कम जमा होते किंवा तिच्यातून जाते, ती दाखवितो. पुष्कळांचा गैरसमज या ठिकाणी होतो. दिवे लावून काटा शून्यावर असेल तर जनरेटर बिघडला असे नव्हे. मिळकत व खर्च बरोबर झाला, एवढाच त्याचा अर्थ.

बेळगावकडील एका सभासदांच्या घरी २०१८ साली घडलेला प्रकार येथे सांगण्याजोगा आहे. नातवाची वरात घरच्या १९३० सालच्या फोर्डमधून काढावयाची ठरले. वरात म्हणजे बँडच्या पावलाने चालणार. दिवे लावलेले, भोंगा वाजता, आणि वर झगमगाटासाठी जोडलेले आणखी दोन दिवे. जनरेटर चार्ज द्यावयास लागतो तोच मुळी तासाला दहाएक मैलांच्या पुढे. दीड तास बॅटरीतून नुसता खर्च चालला होता, आणि चौकात गाडी एकदा बंद पडली ती पुन्हा सुरू झाली नाही. नवरदेवास ढकलगाडीतून मंडपात नेल्याची थट्टा महिनाभर चालली. घरातील ज्येष्ठांनी, ज्यांना सर्व अण्णा म्हणतात, मिस्त्रीला बोलावून सांगितले, “मिस्त्री, काय करायचं ते करा, पण चार्ज असा वाढवा की पुन्हा गावात तोंड लपवायची पाळी येऊ नये.” मिस्त्रीने तिसरा ब्रश जाईल तितका पुढे सरकविला. काटा पंधरावर जाऊन बसला, आणि अण्णांचे समाधान झाले.

पुढच्या एप्रिलात तीच गाडी एका प्रदर्शनासाठी कोल्हापूरला गेली आणि त्याच दिवशी परत आली. जाऊन-येऊन सव्वादोनशे किलोमीटर, साडेचार तासांचे चालविणे, भर उन्हात, दिवे बंद. बॅटरी घरून निघतानाच भरलेली होती. त्या दिवशी तिच्यात गरज नसता साठ अँपिअर-तास तरी वीज कोंबली गेली. भरलेल्या बॅटरीत गेलेली वीज साठत नाही. ती पाण्याचे पृथक्करण करते. साठ अँपिअर-तासांस प्रत्येक खणातून सुमारे वीस ग्रॅम पाणी जाते, आणि तीन खणांचा मिळून पंचाहत्तर लिटरच्या आसपास हायड्रोजन निघतो. हवेत शेकडा चार भाग हायड्रोजन झाला की ठिणगीने पेट घेतो. हा सर्व वायू चालविणाऱ्याच्या पायांखाली तयार होत होता. सुदैवाने फळ्यांच्या फटी मोठ्या होत्या. परंतु आम्लाचे तुषार उडून बॅटरीचा पत्र्याचा पाळणा आणि त्याखालील सांगाड्याची कड खाल्ली गेली, पट्ट्या वाकल्या, आणि जनरेटरची झाकणपट्टी उघडली तेव्हा कॉम्युटेटरजवळचे कथिल वितळून आतील भिंतीवर मण्यांसारखे उडालेले दिसले. आर्मेचर नव्याने वेटाळावे लागले. मिस्त्रीला आम्ही दोष देत नाही. त्याने सांगितले तेच केले. वरातीत बॅटरी उतरली याचा उपाय चार्ज वाढविणे हा नव्हताच. मंद चालीत ब्रश कोठेही असला तरी चार्ज मिळत नाही. उपाय इतकाच की वरचे दिवे निराळ्या बॅटरीवर घ्यावयाचे आणि आदल्या रात्री गाडीची बॅटरी चार्जरवर पूर्ण भरून ठेवावयाची. पुढे तसेच करण्यात आले.

तर काटा कोठे असावा? फोर्ड कंपनीच्या त्या वेळच्या सूचनांचा सारांश असा, की नेहमीच्या वापरास दहा अँपिअर, दिवसाच्या लांब प्रवासास आठ, आणि कडक हिवाळ्यात चौदापर्यंत. यांतील चौदा हा आकडा डेट्रॉइटच्या बर्फासाठी आहे हे ध्यानात ठेवावे. तेथे थंडीने तेल गोठून स्टार्टरला जोर पडतो, दिवस लहान म्हणून दिवे अधिक जळतात. माळव्यात किंवा दख्खनेत पौषातल्या पहाटेसही त्याचे प्रयोजन नाही. आमच्या मते प्रदर्शनापुरत्या निघणाऱ्या गाडीस दिवे बंद असताना, चाळीस किलोमीटरच्या वेगाला, सहा ते आठ अँपिअर पुरेत. पडताळा असा, की त्याच वेगात दिवे लावले असता काटा शून्यावर अथवा किंचित जमेकडे उभा राहावा. खर्चाकडे गेला तरच ब्रश केसभर पुढे घ्यावा. मूळच्या दिव्यांऐवजी अधिक प्रकाशाचे बसविले असतील तर अर्थातच हिशेब बदलेल. सहा व्होल्टचे एलईडी दिवे आता मिळतात व त्यांचा खर्च फारच थोडा असतो. मात्र घेताना धन टोक सांगाड्यास असलेल्या गाडीस ते चालतात की नाही हे विचारून घ्यावे.

ब्रशाला हात लावण्यापूर्वी काही गोष्टी पाहून घेतल्या पाहिजेत, कारण चार्ज कमी-अधिक दिसण्याचे कारण पुष्कळदा ब्रश नसतोच. बॅटरीच्या टोकांवरील पांढरा-हिरवा थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन काढावा, टोके घट्ट करून वर व्हॅसलीन चोपडावे. सांगाड्यास गेलेली जाड पट्टी रंगावर न बसता उघड्या लोखंडावर बसली आहे ना, हे पाहावे. सैल जोड चार्ज कमी करतो अशी समजूत आहे. तिसऱ्या ब्रशाच्या जनरेटरात मात्र सैल जोडाने दाब चढतो, दिवे फुटतात व फील्ड तापते. हायड्रोमीटरने तिन्ही खण तपासावेत. पूर्ण भरलेल्या बॅटरीचा आकडा १.२६० ते १.२८० येतो. एक खण बाकीच्या दोहोंपेक्षा बराच खाली असेल तर बॅटरीच गेली आहे. तिच्यासाठी ब्रश सरकविणे व्यर्थ.

नंतर बॅटरीची तार सोडवून जनरेटरची झाकणपट्टी काढावी. कॉम्युटेटर काळा पडला असेल तर बारीक काचकागदाने पुसून घ्यावा. एमरी कागद चुकूनही वापरू नये. त्याची पूड वीजवाहक असते, ती पट्ट्यांमधील फटीत बसून शॉर्ट करते. ब्रश झिजून आखूड झाले असल्यास बदलावेत, स्प्रिंगा ब्रशास नीट दाबून धरतात की नाही ते पाहावे, कार्बनची धूळ फुंकून काढावी. मग तिसरा ब्रश ओळखावा. तो मुख्य ब्रशांसारखा पक्का बसविलेला नसून खाचेत सरकतो. मॉडेल ए मध्ये तो घर्षणाने धरलेला असतो, इतर काही गाड्यांत स्क्रूने आवळलेला असतो. पुढच्या कप्पीकडे पाहून आर्मेचर कोणत्या दिशेने फिरते हे निश्चित करावे. त्या दिशेने ब्रश सरकविला की चार्ज वाढतो, उलट सरकविला की घटतो. कारण सोपे आहे: फिरण्याच्या दिशेने सरकला की फील्डच्या वाट्याला कॉम्युटेटरच्या अधिक पट्ट्यांचा दाब येतो.

सरकविण्याचे माप दोऱ्याच्या जाडीएवढे. काही मिस्त्री इंजिन चालू ठेवून लाकडी काडीने ब्रश ढकलतात व काट्याकडे पाहतात. काम लवकर होते, परंतु पट्टा आणि पंखा बोटांपासून वीतभर अंतरावर फिरत असतो. आम्ही इंजिन बंद करूनच सरकवावे असे म्हणू. मग बॅटरीची तार पुन्हा जोडल्याशिवाय इंजिन सुरू करू नये. इंजिन गरम होऊ द्यावे, वेग चाळीस किलोमीटरच्या चालीइतका करावा, दिवे बंद ठेवावेत, आणि काटा वाचावा. ब्रश नव्या जागी बसला की त्याचे तोंड कॉम्युटेटरच्या गोलाईशी पूर्ण मिळायला थोडा अवधी लागतो, म्हणून वीसपंचवीस किलोमीटर चालवून पुन्हा पाहावे. आकडा बहुधा एकदोन अँपिअरने बदललेला असतो. शंभर वर्षांच्या अँमीटरवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. वायरीभोवती चिमट्यासारखा धरावयाचा डीसी मीटर आता कोणत्याही मोठ्या वीजदुकानात मिळतो, त्याने पडताळा घ्यावा. शिवाय भरलेल्या बॅटरीच्या टोकांवर धावत्या इंजिनात ७.४ व्होल्टपेक्षा अधिक दाब दिसू नये, उन्हाळ्यात तर थोडा कमीच असावा.

बॅटरीची तार जोडल्याशिवाय इंजिन चालवू नये, हा जो नियम वर सांगितला त्यावर आम्ही विशेष जोर देतो. बॅटरी ही या जनरेटरची लगाम आहे. ती सुटली की दाब अनावर चढतो आणि काही मिनिटांत फील्डची वेटोळी जळतात. वाटेत बॅटरी काढूनच गाडी हलवावी लागली, तर जनरेटरचे बाहेरचे टोक जाड तारेने इंजिनाच्या लोखंडास जोडून टाकावे; मग तो वीज देत नाही व जळतही नाही. येथे फ्यूजचाही विचार आला. मूळच्या मॉडेल ए मध्ये फ्यूज मुळीच नव्हता, आणि नव्वद वर्षांच्या कापडी आवरणाच्या वायरी पाहता स्टार्टरच्या स्विचजवळ तीस अँपिअरचा फ्यूज बसविणे शहाणपणाचे आहे. परंतु चालत्या गाडीत तो उडाला तर जनरेटर बॅटरीपासून तुटतो. दिवे एकाएकी प्रखर झाले, काटा शून्यावर पडला, असे दिसताच इंजिन बंद करावे. पुढच्या गावापर्यंत नेऊ असे म्हणू नये.

जनरेटरवर बसविलेली छोटी डबी म्हणजे कटआऊट. इंजिन थांबल्यावर बॅटरीची वीज उलट जनरेटरात शिरू नये यासाठी ती आहे. तिचे टोक चिकटून राहिले तर गाडी उभी असतानाही काटा खर्चाकडे झुकलेला दिसतो आणि वायरींतून धूर निघू शकतो. आता त्याच डबीच्या आत डायोड बसवून मिळतो, बाहेरून काही ओळखू येत नाही. घेताना मात्र धन टोक सांगाड्यास असलेल्या गाडीचा आहे ना हे विचारावे. जनरेटर दुरुस्त होऊन आला असता त्याचे ध्रुव ठरवून द्यावे लागतात: बॅटरी जोडून कटआऊटच्या दोन टोकांना तारेने क्षणभर स्पर्श करावयाचा, इतकेच. कटआऊटच्या जागी डायोड असेल तरीही हेच करावे.

अल्टरनेटर बसवावा की काय, असा प्रश्न आम्हांस नेहमी विचारला जातो. अमेरिकेत क्रायस्लरने १९६० च्या व्हॅलियंट गाडीत तो आणला आणि पुढे सर्वत्र रूढ झाला; वस्तू उत्तम आहे, मंद चालीतही चार्ज देते, स्वतःचा दाब स्वतः आवरते. ज्यास वरचेवर रात्रीची गाडी चालवावी लागते त्याने तो खुशाल वापरावा. परंतु वर्षातून आठदहा वेळा दिवसा निघणाऱ्या गाडीस त्याची गरज आम्हांस दिसत नाही. फारच काळजी वाटली तर कटआऊटच्या डबीत मावणारे इलेक्ट्रॉनिक नियामक मिळतात. त्यांनी मूळचा जनरेटर जागेवर राहतो आणि बॅटरी भरली की चार्ज उतरतो. बसविलाच अल्टरनेटर, तर काढलेला जनरेटर कापडात गुंडाळून, ब्रशांसकट, घरीच ठेवावा. भंगारवाल्याकडे त्याचे चार पैसे येतात. परत घेताना तो मिळत नाही.

राहिला उभ्या गाडीचा प्रश्न. महिनोन् महिने न वापरलेली बॅटरी आपोआप उतरते, आणि उतरलेल्या अवस्थेत राहिली की पट्ट्यांवर लेड सल्फेटचा कठीण थर बसून निकामी होते. जनरेटरचा येथे काही इलाज नाही. शेडमध्ये दहा मिनिटे इंजिन चालविण्याने ते काम होत नाही, कारण त्या चालीत चार्ज येतच नाही. महिन्यातून एकदा सहा व्होल्टच्या लहान चार्जरवर रात्रभर लावावी, डिस्टिल्ड वॉटरची पातळी पाहावी, आणि चार्ज करताना फळी उघडी ठेवावी. बॅटरीजवळ एक पुठ्ठा टांगून त्यावर तारीख, तिन्ही खणांचे आकडे व तिसरा ब्रश बसविला त्या वेळचा काट्याचा आकडा लिहून ठेवावा. पुढच्या वेळी मिस्त्री दुसरा असला तरी त्याला पहिल्यापासून विचारत बसावे लागणार नाही.